एका गालाने जेवणारा

४ फेब्रुवारी

दादा,

फोन करू नकोस म्हणाला होतास. पत्राचं काही बोलला नव्हतास, म्हणून लिहितोय. सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, नावं ठेवू नकोस. त्यात आज आडवं पडून लिहितोय आणि डावा हात मोकळा नाही, त्यामुळे कागद सारखा सरकतो.

माझं बरं चाललंय. दोन वर्षांत ही तिसरी जागा, पण ही टिकेल असं वाटतं. सोफ्यांचा मोठा कारखाना आहे. आपल्या दुकानात एका सोफ्याला आठ दिवस लागायचे, इथे एका शिफ्टमध्ये चाळीस बाहेर पडतात. खिळे नाहीत, हातोडी नाही. हवेवर चालणारी पिनांची बंदूक असते, दाबली की पिन आत. तू बघितलंस तर म्हणशील, हे लोक सोफा बांधत नाहीत, सोफ्याला गोळ्या घालतात. हे मी तुझ्या वतीने इथल्या सुपरवायझरला सांगितलं. तो हसला नाही.

सध्या चार दिवस सुट्टीवर आहे. पोट जरा बिघडलं होतं. खानावळीत तिखट फार घालतात, दुसरं काही नाही.

वहिनीला नमस्कार सांग. हे पेन दुसऱ्याचं आहे, परत मागतायत, म्हणून इथेच थांबतो.

धाकटा


८ फेब्रुवारी

दादा,

वहिनीने तुला सांगितलंच असणार, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. पेन नर्सबाईंचं होतं. डाव्या हाताला सलाईन होतं. जवळच्या माणसाचा नंबर द्या म्हणाले, तर मला एकच नंबर पाठ होता, वहिनीचा. तुझाही पाठ आहे, पण तो दिला नाही.

झालं असं की एक तारखेला सकाळच्या शिफ्टला मी बंदूक हातात घेतली आणि पोटात असं काही पिळवटलं की मी वाकलो. उलटी झाली. कॉफीच्या चोथ्यासारखी, काळी. मग काय झालं ते मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी मागच्या मागे फोमच्या ढिगात पडलो. चक्कर येऊन पडायला सोफ्याच्या कारखान्यासारखी जागा नाही, एक ओरखडासुद्धा उठला नाही.

दवाखान्यात तोंडातून नळी घातली. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. डॉक्टरीणबाईंनी नंतर फोटो दाखवला. जठराच्या खालच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढा खड्डा. अल्सर, म्हणजे व्रण. वरची कातडी खाऊन आत गेलेला. त्याच्या तळाशी एक शीर फुटली होती, तिला त्यांनी आतल्या आत बारीक चिमटा लावला. मी म्हटलं, आम्हीही शिवण उसवली की असंच करतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या शिवणीला कुणी रोज आम्ल ओतत नाही."

परवा घरी सोडलं. म्हणजे खोलीवर. चौघांची खोली आहे, वरचा पलंग माझा होता, आता खालचा दिलाय. अशक्तपणा आहे, पण रक्त थांबलंय. दूध, मऊ भात, केळं असं खातोय. तिखट बंद.

एक विचारायचं होतं. फोनवर वहिनी रडता रडता म्हणाली, "तुम्ही दोघे भाऊ एकाच माळेचे मणी. तू पोट जाळून घे आणि यांना तीन महिने एकाच गालाने जेवू दे." मी विचारलं तर तिने विषय बदलला.

काय झालंय तुझ्या गालाला?

धाकटा


१० फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर येण्याआधीच पुन्हा लिहितोय. पडून पडून जीव उबगलाय. मला एका जागी बसता येत नाही हे तू जाणतोसच, तू तर दोरीने बांधायची धमकी द्यायचास.

खरं सांगतो. तिखटाने नाही झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिखटाने फार तर जळजळ वाढते, त्याने व्रण पडत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अंगदुखीच्या गोळ्या घेतोस का?" मी नाही म्हटलं. तुला का लिहिलं नाही तेही सांगतो. तू म्हणाला होतास, मशीन तुझं मनगट खाईल. सहा महिन्यांत खाल्लं. दिवसाला चार-पाच हजार वेळा चाप ओढायचा. मनगट सुजून पावासारखं झालं होतं. तू बरोबर निघालास हे मला कागदावर लिहायचं नव्हतं. आता लिहिलंय. फ्रेम करून दुकानात लाव.

आमच्या लाइनवर फोम कापणारा एक जण आहे, माझ्याच खोलीत राहतो, त्याला सगळे कंपाउंडर म्हणतात. त्याच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. ज्याच्या ज्याच्या गोळ्या उरतात, तो त्या डब्यात टाकतो, आणि ज्याला दुखतं तो डब्यातून घेतो. पाकिटं फाटलेली, नावं गेलेली. कंपाउंडरचा हिशोब रंगावर चालतो. पांढरी मोठी तापाची, पिवळी सर्दीची, नारिंगी अंगदुखीची, गुलाबी पोटाची. सकाळी चहाबरोबर नारिंगी घेतली की माझं मनगट संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं. महिन्याभराने पोट दुखायला लागलं, मग मी नारिंगी घेऊन वर गुलाबी घ्यायचो. आणि कुठल्या तरी कंपनीची गुलाबीसुद्धा अंगदुखीचीच होती. म्हणजे पोट दुखतंय म्हणून मी पोट जाळणारीच गोळी दुप्पट घेत होतो, तीही उपाशीपोटी. पोट जास्त दुखलं की म्हणायचो, एक गुलाबी कमी पडली.

कंपाउंडर दवाखान्यात भेटायला आला तेव्हा डबा घेऊनच आला, डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या टेबलावर ओतल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या कारखान्यात अजून कितीजण जिवंत आहेत?" कंपाउंडर म्हणाला, "बाई, एकशे दहा." त्याला वाटलं, खरंच विचारतायत.

डबा त्यांनी ठेवून घेतला.

शिवाय माझ्या पोटात एक जंतू सापडला. तो म्हणे पुष्कळांच्या पोटात वर्षानुवर्षं राहतो आणि आतलं अस्तर कमजोर करतो. म्हणून औषधं दोन्हींवर आहेत. आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल, दोन वेळा, जेवणाच्या अर्धा तास आधी. जंतूवर दोन अँटिबायोटिक, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस, एकही चुकवायची नाही. त्यातल्या एकीने तोंडाला दिवसभर लोखंडाची चव असते. आणि एक पांढरं घट्ट औषध, सुक्राल्फेट, ते व्रणावर जाऊन बसतं आणि अस्तर घालतं. हे मला लगेच समजलं. बाकी सगळं दोनदा विचारावं लागलं.

आता गालाचं. माणूस एका गालाने जेवतो म्हणजे दुसऱ्यात व्रण असणार, असा माझा अंदाज. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त ट्रॅफिक पोलीस होता. तीस वर्षं चौकात उभा राहिला, पायातल्या शिरा फुगल्या आणि घोट्यावर व्रण पडला, दोन वर्षं भरत नव्हता. मलमं लावून थकला. त्याला औषध काय, तर चार थरांची घट्ट पट्टी, बोटांपासून गुडघ्यापर्यंत, आपण स्प्रिंगांवर गोणपाट ताणतो तशी. रक्त वर ढकलायला. तो मला म्हणायचा, "तुझा पोटात, माझा पायात. मधला भाग रिकामा आहे, कुणी येतंय का बघ." त्याच्या पलीकडे एक साखरेचा पेशंट. तळपायाला एवढा मोठा व्रण आणि त्याला पत्ता नाही, कारण दुखतच नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या, "ओरडतो त्या व्रणाकडे माणूस बघतो. गप्प बसतो त्याचंच भय."

मग मी त्यांना सहज विचारलं, गालाच्या आत व्रण असला तर? त्यांनी हातातलं काम ठेवलं. म्हणाल्या, साधं तोंड आलं तर दहा-पंधरा दिवसांत जातं. तीन आठवड्यांच्या वर राहिलं तर तो माणूस कितीही कामात असो, दाखवायलाच हवं, तुकडा काढून तपासायला हवा. मी म्हटलं, तीन महिने झालेत. त्या म्हणाल्या, "कुणाला?"

मी सांगितलं, आहे एक ओळखीचा.

धाकटा


१३ फेब्रुवारी

दादा,

काल वहिनीला फोन केला. तुझा निरोप मिळाला. "त्याला म्हणावं स्वतःचं पोट सांभाळ, माझा गाल माझ्याजवळ राहू दे." वहिनी म्हणाली, तू औषधवाल्याकडून बधिर करायचं जेल आणतोस, सकाळी बोटाने चोळतोस, आणि बधिर झालं की त्याच गालात पुन्हा खिळे भरतोस.

का, तेही मला माहीत आहे. बाबांनी तुला डाव्या गालात धरायला शिकवलं. मूठभर बारीक खिळे डाव्या गालात, जिभेने एकेक फिरवून खिळ्याचं डोकं पुढे आणायचं, मग तो हातोडीच्या चुंबकाला ओठातून द्यायचा. तुझी जीभ उजवीकडे वळतच नाही. मी शिकत होतो तेव्हा दोन गिळले होते, तू मला तीन दिवस केळी खायला घालून वाट बघत बसला होतास. त्या दिवसांत तू माझ्यावर एकदाही ओरडला नाहीस, हे मला अजून आठवतं.

पण दादा, ते जेल म्हणजे माझी नारिंगी गोळीच आहे. मी मनगट गप्प केलं, तू गाल गप्प केलास.

तू माझं ऐकणार नाहीस. धाकट्याचं ऐकलं तर तुझी उंची कमी होते. म्हणून समजावत बसत नाही. आज माझा सातवा दिवस आहे. आज सकाळपासून मी गोळ्या बंद केल्या. चौदा दिवसांच्या मध्ये सोडल्या तर जंतू मरत नाही, उलट त्याच औषधाला दाद देईनासा होतो, हे डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा बजावलंय. गोळ्या उशाखाली आहेत. तू जाऊन गाल दाखवलास असं मला कळलं की घेईन. नाही कळलं तर नाही घेणार.

मी हट्टी आहे हे तुला वेगळं सांगायला नको. दोन वर्षं फोन केला नाही तो मीच.

धाकटा


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड काल आलं. दोन वर्षांत तुझ्याकडून आलेला पहिला कागद, त्यावर मायना नाही, तारीख नाही. "गोळ्या घे गाढवा. सोमवारी जाऊन आलो. पुन्हा असलं काही केलंस तर तिथे येऊन थोबाडीन." मी ते खोलीतल्या तिघांना वाचून दाखवलं. कंपाउंडर म्हणाला, "भाऊ प्रेमळ दिसतो."

आता शिव्या द्यायच्या तर आत्ताच देऊन घे. मी गोळ्या बंद केल्याच नव्हत्या. एकही चुकवली नाही. कंपाउंडर स्वतः घड्याळ लावून समोर उभा राहायचा, डब्याचं प्रायश्चित्त म्हणून. काल चौदा दिवस पूर्ण झाले. आम्लाची गोळी अजून दीड महिना आहे. मग मध्ये थोडे दिवस ती थांबवून जंतू गेला का ते तपासतील आणि पुन्हा एकदा नळी घालून व्रण भरला का ते बघतील. मनगटाला पट्टा दिलाय, दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, तीही त्यांना विचारून. बंदूक काढून घेतली, आता कापड मापायला बसवलंय. बसवलंय म्हणजे उभा असतो, पण हात शांत असतो.

खोटं बोललो त्याचं वाईट वाटतं असं लिहिणार होतो. पण वाटत नाही.

वहिनीने बाकीचं सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं, डाव्या बाजूची खालची दाढ अर्धी तुटलेली, तिला सुरीसारखी धार. ती रोज गालाला लागणार, वरून खिळे टोचणार, मग जखम भरणार कधी. त्यांनी दाढ घासून गुळगुळीत केली, खिळे बंद म्हणून सांगितलं, जेल कचऱ्यात टाकायला लावलं. आणि कारण समोर दिसतंय तरी तीन महिने झालेत म्हणून कडेचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवस लागतील म्हणाले.

वहिनी म्हणाली, तू तिथून आलास आणि थेट दुकानाकडे गेलास. दुकान उघडलंस, खुर्चीचा एक सांगाडा समोर घेतलास आणि त्याच्याकडे बघत बसलास.

धाकटा


२५ फेब्रुवारी

दादा,

कापड मापताना आज दोनदा चुकलो. बावीस मीटरचं चोवीस लिहिलं. सुपरवायझर म्हणाला, "लक्ष कुठंय?" मी म्हटलं, भावाच्या गालात. त्याने कापड पुन्हा स्वतः मापलं.

दवाखान्यात पट्टा बदलायला गेलो तेव्हा नर्सबाईंना सांगितलं, तुकडा काढलाय. त्यांनी विचारलं, व्रणाच्या कडा कडक आहेत का मऊ, मानेला गाठ लागते का, तंबाखू खातात का. तंबाखूचं मी ठामपणे नाही म्हटलं, तू कधी सुपारीला शिवला नाहीस. बाकीचं मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, धार असलेली दाढ सापडली ही चांगली गोष्ट आहे, पण रिपोर्टच्या आधी मी काही बोलणार नाही. मला त्यांचा राग आला. मग वाटलं, बरं केलं, खोटा धीर दिला असता तर मी सगळीकडे तोच वाटत फिरलो असतो.

रिपोर्ट काय येईल ते येवो, त्याच्या आधी हे लिहायचंय, म्हणजे तू म्हणणार नाहीस की रिपोर्ट बघून लिहिलं.

निघालो त्या दिवशी मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो होतो की तोंडात खिळे धरून बसणाऱ्याला बोलायला तोंडच कुठे असतं. तुझ्या तोंडात तेव्हा खिळे होते. तू एकेक खिळा हातावर काढलास, मोजल्यासारखे, आणि मगच म्हणालास, "गेलास तर फोन करू नकोस." मला तेव्हा वाटलं, बघा, याला किती थंडपणे बोलता येतं. आता कळतं, तू तोंड रिकामं होईपर्यंत मला थांबायला वेळ देत होतास. मी थांबलो नाही. तू बोललास तेव्हा माझा पाय दाराबाहेर होता.

चुकलो. शिकवलेलं सगळं इथे उपयोगी पडतं. नुसत्या हाताने कापडाचा ताण ओळखणारा लाइनवर मी एकटाच आहे, सुपरवायझर नव्या लोकांना माझ्याकडे पाठवतो. हे तुला सांगायला मला दोन वर्षं लागली.

रिपोर्ट वाईट आला तर मी त्याच दिवशी निघेन. तू ये म्हणण्याची वाट बघणार नाही. बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय.

धाकटा


२ मार्च

दादा,

फोनवर बोलून झालं तरी लिहितोय, कारण फोनवर मी "काय?" एवढंच बोललो, आणि तू ओरडत होतास.

तुझा नंबर दिसला तेव्हा मला वाटलं, वाईटच आहे. वाईट बातमी असती तर वहिनीने केला असता, हे मला नंतर सुचलं. तू म्हणालास, "काही नाही निघालं." मी म्हटलं, काय? तू म्हणालास, "काही नाही म्हणजे काही नाही, बहिरा झालास का? नुसती घासून झालेली जखम. आणि भरतेय. कडा आत ओढल्यात. डॉक्टर म्हणाले अजून पंधरा दिवसांनी दाखवा." मग पलीकडून वहिनीचा आवाज आला, "त्याला सांगा ना, दोन्ही बाजूंनी जेवलात ते." तू तिच्यावर खेकसलास, "ते काय सांगायचं?" आणि मग मला सांगितलंस.

मग पाच मिनिटं तू माझ्याशी चुंबकाच्या ताटलीविषयी बोललास. खिळे तोंडाऐवजी ताटलीत ठेवतोस, हात तिकडे जातो पण जीभ अजून हलते, रिकाम्या तोंडात, गिऱ्हाईक बघून हसतात. मी हसलो नाही, कारण मी तेव्हा रडत होतो, आणि ते तुला कळू द्यायचं नव्हतं. तुला कळलं होतं ना? म्हणूनच तू ताटलीवर एवढा वेळ लावलास.

बॅग उपसून ठेवली. एप्रिलमध्ये माझी पुन्हा नळी आहे. ती बघून घेतो, मग आठ दिवसांची रजा टाकतो. राहायला म्हणून नाही, नुसता बघून जायला. पुढचं पुढे बघू, आत्ता मला काही ठरवायला लावू नकोस.

आणि ऐक. फोन ठेवला तेव्हा मी लाइनच्या शेवटाला उभा होतो. समोर नुकताच पुरा झालेला तीन जणांचा सोफा, प्लास्टिक चढवायचं बाकी होतं. तयार मालावर बसायची इथे सक्त मनाई आहे, गेल्या वर्षी एकाला त्यावरून काढून टाकलं. मी बसलो. मधोमध. कंपाउंडर खुणा करत होता, ऊठ, ऊठ. सुपरवायझर लांबून आला, माझ्यासमोर उभा राहिला. त्याने माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "गाल?" मी म्हटलं, गाल ठीक आहे. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या शेजारी बसला. मग कंपाउंडरही आला.

दोन वर्षं सोफे बनवतोय दादा, पण बसलो पहिल्यांदाच. बरा असतो रे.

तुझा भाऊ